होळीपर्यंतचा जामीन

सुरगाण्याहून गुजरातच्या हद्दीकडे निघालं की डांबरी रस्ता संपता संपता डोंगराच्या कुशीत एक पाडा लागतो. त्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतल्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. झिपरू भगत या पाड्यावरचा. अंगाने काटकुळा, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, बोलणं इतकं कमी की नवख्या माणसाला तो बहिरा वाटावा. पण कुणाची गाय हरवली, कुणाचं मूल रात्रभर रडलं, कुणाच्या घरात भांडण पेटलं, की लोक त्याच्याच दारात येतात. तो सुपात मूठभर तांदूळ पसरतो, दाण्यांवरून बोटं फिरवत कणसरीचं, म्हणजे धान्याच्या देवीचं गाणं पुटपुटतो आणि मग काय ते सांगतो.

त्याची सून सविता पाड्याची आशाताई आहे. गोळ्यांची पेटी, वजनकाटा, लसीकरणाच्या तारखा हे सगळं तिच्याकडे. बाहेरच्या लोकांना वाटतं, एका घरात भगत आणि आशाताई म्हणजे रोज कटकट असणार. तसं नव्हतं. तापाचं मूल आणलं की झिपरू आधी दाणे पाहायचा आणि पाहून झालं की गंभीर आवाजात सांगायचा, "देव म्हणतो, सवितेकडं जा." सविता पहिल्यांदा हसली होती. पुढे तिच्या लक्षात आलं, की तिच्या सांगण्यावरून जे लोक दवाखान्यात जायचे नाहीत, ते देवाच्या सांगण्यावरून जातात.

झिपरूने तरुणपणी ज्या म्हाताऱ्या भगताकडे विद्या शिकली, त्याने सूप हातात देताना एकच ताकीद दिली होती. दाण्यांत रोग दिसेल, वाट दिसेल, हरवलेलं जनावर दिसेल. माणसाचं नाव कधी काढू नकोस. ज्या दिवशी नाव काढशील, त्या दिवशी कणसरी सुपातून उठून जाईल. ती पोट भरणारी बाई आहे, कुणाचं घर जाळणारी नाही.

झिपरूने ती ताकीद पाळली. तिचा खरा कस लागला तो म्हातारपणी, चंदर गेला तेव्हा.

चंदर हा पुंजाचा धाकटा भाऊ. दरवर्षीसारखा तो द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर दिंडोरीकडे गेला होता. नवरात्राच्या सुमारास एकटाच परत आला. जीपमधून उतरला आणि घरी जायच्या आधी ओढ्याकाठच्या अक्काबाईकडे गेला. अक्काबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच वारलेला. जंगलातला पाला-मुळ्या आणायची, पाड्यावरच्या बाळंतिणींना शेकायची, तान्ह्या पोरांना पायावर घेऊन न्हाऊ घालायची. चंदरला तिनेच न्हाऊ घातलेलं. तो लहानपणापासून तिच्या चुलीपाशी वाढलेला. त्या दिवशी तिने त्याला भाकर वाढली. तो अर्धी खाऊन उठला.

नंतर त्याने अंथरूण धरलं. सविताने डोळे पाहिले आणि लगेच गाडी बोलावली. आधी सुरगाणा, मग नाशिक. डॉक्टरांनी कावीळ सांगितली, फार उशीर झाला म्हणाले. चंदर परत आला तो पांढऱ्या कापडात.

सविताने पुंजाला कावीळ म्हणजे काय ते समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कावीळ झाली ते कळलं. पण कुणी केली?"

या प्रश्नाला सविताच्या पेटीत औषध नव्हतं. आणि पाड्यावर उत्तर आधीच तयार होतं. शेवटचं कुणाच्या हातचं खाल्लं? एकटी कोण राहते? जंगलातून मुळ्या कोण आणते? कुणीतरी तो शब्द उच्चारला, भुताळी, म्हणजे चेटूक करणारी. एकदा उच्चारल्यावर तो शब्द विहिरीवर गेला, चुलीपाशी गेला, पोरांच्या खेळात गेला. बायका अक्काबाईला पाण्याच्या नंबरात उभी राहू देईनात. तिच्या कौलांवर दगड पडले. पुंजा कमरेचा कोयता घरातही काढून ठेवीना.

सविताने पोलिसांना फोन केला. दोन हवालदार आले, लोकांना जमवून कायदा सांगितला, पुंजाला दम दिला आणि गेले. संध्याकाळी सविता सासऱ्याला म्हणाली, "आता कुणी हात लावणार नाही तिला."

"हात नाय लावणार," झिपरू म्हणाला. "पण तिला पाणी कोण देईल? पोलीस गेले घरी. ती इथंच राहणार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाकडून बोलावणं आलं. दाणे पाहायचे होते.

अंगणात सगळा पाडा होता. नारळ, सुपारी, शेंदूर मांडून ठेवलेलं. पुंजाची आई भिंतीला टेकून बसलेली, रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. पुंजाने स्वतःच्या हाताने सुपात तांदूळ ओतले.

"नाव सांगा, बाबा," तो म्हणाला. "बाकी आमचं आम्ही बघू."

झिपरू बसला. बोटं दाण्यांवरून फिरू लागली, ओठ हलू लागले. नेहमीपेक्षा गाणं लांबलं. लोक वाट पाहत होते. मध्येच एक कोंबडी सुपाजवळ आली, तिला कुणी हाकललं नाही. मग झिपरूची बोटं थांबली. अंग थरथरलं, मान खाली गेली. सविता सांगते, की त्या क्षणी तिला सासऱ्याचा चेहरा ओळखू आला नाही. इतकी वर्षं घरात पाहिलेला माणूस, पण तो तिथं नव्हताच.

"देव नाव देत नाही," तो म्हणाला. आवाज जड होता, दुरून आल्यासारखा. "देव भाकर मागतो."

कुणाला काही कळेना. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाच्या हातची?"

"अक्काबाईच्या हातची. वाघबारशीला. नव्या नागलीची."

 वाघबारस म्हणजे पाड्याचा मोठा दिवस. शिवारात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, नवं धान्य आलेलं असतं, पण वेशीवरच्या वाघदेवासमोर त्याची भाकर ठेवून भगताने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ते तोंडात घालत नाही. म्हणजे आता अक्काबाईच्या हातची भाकर वाघदेवासमोर गेल्याशिवाय पाड्यावर कुणालाच नवं खाता येणार नव्हतं. ज्या हाताला लोक विष म्हणत होते, तोच हात देवाने मागितला होता.

घरी आल्यावर सविताने चूल पेटवली. मग तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. देव बोलला, का तुम्ही बोललात?"

झिपरू चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होता. "आवाज माझाच होता," तो म्हणाला. "पण मी तर गप राहायचं ठरवून गेलो होतो. नाव काढायचं नाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भाकरीचं मला ठाऊक नव्हतं, पोरी. ते कुठून आलं, मला अजून कळलं नाय."

त्याच्या अंगावर काटा उभा राहिलेला तिने पाहिला. त्यानंतर तिने तो प्रश्न कधी विचारला नाही.

वाघबारशीच्या सकाळी दरीत धुकं साचलं होतं. वेशीवर साजाच्या झाडाखाली वाघदेवाची लाकडी पाटी उभी आहे. तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र आणि नाग कोरलेले, शेंदराने माखलेले. गुराखी गुरं घेऊन आले, बायका पोरांना धरून आल्या. पावरी वाजवणारा आला होता, पण त्याने पावरी वाजवली नाही. पुंजा सगळ्यांच्या पुढे उभा होता.

अक्काबाई ओढ्याकडून एकटीच चालत आली. हातात पिठाचं टोपलं आणि तवा. लोकांनी वाट सोडली, गरजेपेक्षा जास्त सोडली. झिपरूने आधीच तीन दगड मांडून जाळ केला होता. ती बसली, पीठ मळलं, भाकर थापली. पहिली भाकर तव्यावर टाकताना तुटली. बायकांत कुजबुज झाली.

"दुसरी कर, अक्का," झिपरू म्हणाला. "घाई नाय."

दुसरी भाकर नीट उतरली. झिपरूने ती पळसाच्या पानावर ठेवली, वाघदेवाला दाखवली, पाण्याची धार सोडली. मग एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

सविता म्हणते, की तिने कित्येक बाळंतपणं पाहिली आहेत, माणसं जाताना पाहिली आहेत, पण तेवढी शांतता कधी ऐकली नाही. गुरंसुद्धा मान हलवत नव्हती. म्हातारा दात नसलेल्या तोंडाने सावकाश चावत होता आणि सगळा पाडा त्याचा गळा पाहत होता. त्याने दुसरा तुकडा मोडला, तिसरा मोडला. सारी भाकर खाल्ली. पानावरचा चुरा बोटाने टिपून खाल्ला. मग हात पुढे केला.

"ती मोडकी पण दे."

अक्काबाईने तुटलेली भाकर त्याच्या हातावर ठेवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता. झिपरूने तीही खाल्ली आणि लोकांकडे वळला.

"आता हिचा जामीन मी. हिच्या हातात दोष असेल तर तो माझ्या पोटात गेला. होळीपर्यंत मी उभा राहिलो, तर ही गोष्ट इथं मिटली. कबूल हाय?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वाघदेवासमोर बोललेला शब्द होता. "कबूल," ते म्हणाले.

"आणि नाय राहिलात तर?" पुंजाने विचारलं.

 झिपरूने पावरीवाल्याला वाजवायची खूण केली.

त्या दिवसापासून अक्काबाईला पाणी मिळू लागलं. दगड थांबले. पण पाडा विसरला नव्हता, पाडा मोजत होता. झिपरू खोकला तरी लोक थबकायचे. तो सकाळी अंगणात दिसला नाही तर कुणीतरी कारण काढून डोकावून जायचं. आणि झिपरू, जो उभ्या आयुष्यात कधी स्वतःला जपला नव्हता, तो स्वतःला जपू लागला. उन्हात बसायचा, कानाला फडकं बांधायचा, सविता देईल ती गोळी निमूट गिळायचा.

तरी माघाच्या थंडीत ताप आलाच. आधी कणकण, मग छातीत कळ, मग श्वास घेताना घरघर. जुना झिपरू अशा वेळी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता. या वेळी त्याने स्वतः सविताला हाक मारली.

"गाडी बोलाव," तो म्हणाला. "मला जगायला पाहिजे."

गाडी येईपर्यंत दारात लोक जमले. सगळ्यांची नजर ओढ्याकडे जात होती. अक्काबाईने दार आतून लावून घेतलं होतं. सविताला कळेना, सासऱ्याबरोबर जावं की त्या दारापाशी बसावं. तेवढ्यात पुंजा पुढे आला.

"मी येतो बाबांबरोबर," तो म्हणाला.

सविता त्याच्याकडे बघत राहिली. तो कशाला येतोय हे तिला समजत होतं. म्हातारा मेला तर त्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. पण झिपरूच म्हणाला, "येऊ दे त्याला. तो माझ्यापाशी असला की बरं." तेव्हा तिला दुसरी बाजू कळली. पुंजा नाशकात असेल तोवर तो ओढ्याकाठी नसेल.

सुरगाण्याहून त्यांना नाशिकला पाठवलं. दिंडोरीला द्राक्षतोडणीवर असलेला झिपरूचा मुलगा मनोज थेट दवाखान्यात आला. फुप्फुसात पाणी झालं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाईन. मनोज औषधांसाठी खाली-वर करायचा, सविता डॉक्टरांशी बोलायची आणि पुंजा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून राहायचा.

आणि त्या स्टुलावर बसून त्याने जे पाहिलं, तसं त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. घास गिळताना झिपरूच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी तो वाटीतली पेज संपवायचा. सिस्टर सुई घेऊन आली की स्वतः हात पुढे करायचा. तिने छातीवर थोपटून खोकायला सांगितलं की कळवळून जायचा, पण पुन्हा पुन्हा खोकायचा. मास्कच्या आत ओठ हलत असायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने विचारलं, "आजोबा काय म्हणतात?" पुंजा वाकून ऐकू लागला. कणसरीचं गाणं होतं. आणि त्यात मध्ये मध्ये, ओवीत गुंफावं तसं, अक्काबाईचं नाव होतं.

त्या दुपारी झिपरूचा श्वास थोडा मोकळा झाला. सिस्टरने मास्क थोडा वेळ काढून ठेवला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तपासणीला नेलं होतं, खोलीत दोघंच होते.

"बाबा," पुंजाने विचारलं, "तुम्हाला मरायची एवढी भीती वाटते?"

"मरायची भीती नाय रे," झिपरू म्हणाला. एकेका शब्दाला दम लागत होता. "माझी माणसं सगळी तिकडंच हायेत. पण मी गेलो, तर तू काय करशील, याची भीती वाटते. तिची पण, आणि तुझी पण. तिला मारशील, आणि मंग जन्मभर कोणत्या तोंडानं भाकर खाशील?"

पुंजाने मान खाली घातली.  मग तो बोलू लागला, तेव्हा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"त्याचे डोळे आधीच पिवळे होते, बाबा. जीपमधनं उतरला तेव्हाच. मी पाहिलं होतं. आणि त्याच्या आधी त्यानं फोन केला होता, दिंडोरीवरनं. म्हणाला, दादा, अन्न जात नाय, मी येतो. मी म्हणालो, काम अर्ध्यात टाकू नको, टोळीबरोबर ये. थोडे दिवस काढ म्हणालो." तो थांबला. "थोडे दिवस काढ म्हणालो मी त्याला."

झिपरूने डोळे मिटले. तू काही केलं नाहीस, असं तो म्हणाला नाही. देवाची मर्जी होती, असंही म्हणाला नाही. त्याने सलाईनचा हात उचलला आणि पुंजाच्या डोक्यावर ठेवला. नळी ताणली गेली, तरी हात तिथंच राहिला.

"हे अक्काला सांगशील?"

"सांगेन."

"आधी तिला. मंग वाघदेवाला. देव थांबेल."

सविता औषधं घेऊन दारात आली ती तिथंच उभी राहिली. त्या वेळी आत पाऊल टाकायची तिला हिंमत झाली नाही. ती म्हणते, देवळात गाभाऱ्यापुढे आपण जसे थांबतो, तशी मी थांबले.

झिपरू वाचला. डॉक्टर म्हणाले, या वयात असा आजार पेलणारे फार थोडे. होळीला द्राक्षाच्या मळ्यांतून पाड्याची माणसं घरी परततात, त्याच्या थोडं आधी तो परत आला. जीप थांबली तेव्हा सगळा पाडा रस्त्यावर होता. मनोज आणि सविताने त्याला धरून उतरवलं. कुणी जयजयकार केला नाही. म्हातारे नुसते पुढे झाले आणि एकेकाने वाकून त्याच्या पायाला हात लावला.

पुंजा त्या घोळक्यात थांबला नाही. तो सरळ ओढ्याकडे गेला. कमरेचा कोयता त्याने जीपमध्येच सोडला होता. अक्काबाईच्या दारात उभं राहून त्याने सगळं सांगितलं, फोनचं आणि पिवळ्या डोळ्यांचं. ती उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "तो त्या दिवशी अर्धी भाकर टाकून उठला. मला वाटलं, म्हातारी झाले, हाताची चव गेली." आणि मग ती रडू लागली, मोठमोठ्याने, चंदर गेल्यापासून पहिल्यांदा. तोवर तिला रडायचीही सोय नव्हती. भुताळी रडली की लोक म्हणतात, ढोंग करते.

होळीच्या दिवशी झिपरू काठी टेकून जाळासमोर उभा राहिला. पुंजाने तेच सगळं वाघदेवासमोर, पाड्यासमोर पुन्हा सांगितलं. त्याच्या आईने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. नंतर ती उठली आणि अक्काबाईजवळ जाऊन बसली. 

सगळं तिथंच गोड झालं असं मात्र नाही. पुंजाने अक्काबाईच्या फुटलेल्या कौलांच्या जागी नवी कौलं चढवली. तिने चढवू दिली, पण त्याला ओट्यावर बसायला सांगितलं नाही, पाणीही विचारलं नाही. ज्या बायकांनी तिला विहिरीवरून हटवलं होतं, त्यांच्याशी ती आजही तुटक बोलते. झिपरूला कुणीतरी म्हणालं, की देवाने न्याय केला, आता तिनेही मन मोठं करावं. तो म्हणाला, "न्याय झाला म्हणून तर तिला रुसता येतं. आधी रुसायची पण चोरी होती."

आता आसपासच्या पाड्यांवरूनही लोक त्याच्याकडे येतात. कधी कधी असंच नाव विचारायला येतात. तो काठी घेतो आणि ज्या बाईचं नाव घेतलं जात असेल, तिच्या घरी जेवायला जातो. सविता बरोबर असते, पेटी घेऊन. म्हाताऱ्याच्या पोटाला हल्ली सगळं सोसत नाही, पण तो खातो.

आणि गेल्या उन्हाळ्यात पुंजाला मुलगी झाली. बाळाची नाळ पडली, तशी त्याची बायको बाळाला पदरात घेऊन उन्हं वर यायच्या आत ओढ्याकडे निघाली. पुंजा मागोमाग होता. अक्काबाई अंगणात पाणी तापवत होती. तिने बाळाकडे पाहिलं, मग पुंजाकडे.

"तू कुंपणाबाहेर थांब," ती म्हणाली.

तो थांबला. अक्काबाईने पाटावर बसून पाय लांब केले, बाळाला पायांवर आडवं घेतलं आणि कोपराने पाणी चाचपून पाहिलं.